विचाराधीन मुकादम

आमच्या इमारतीच्या फाटकाशी राहणाऱ्या कुत्र्याला रेबीजची लस किती वर्षांनी टोचावी, या प्रश्नावर आमच्या कार्यकारिणीने जेवढा विचार केला, तेवढा आसपासच्या एकाही इमारतीने केला नसेल. चिटणीस या नात्याने प्रत्येक सभेला मी हजर होतो, त्यामुळे हे मला छातीठोकपणे सांगता येते.

कुत्र्याचे नाव मुकादम. स्वतः काडीचे काम करायचे नाही, पण दुसरा कुणी काम करीत असला की शेजारी बसून त्याच्याकडे टक लावून पाहायचे, अशी त्याची सवय होती. जिना झाडणाऱ्या बाईंनी वैतागून हे नाव ठेवले आणि ते चिकटले. मुकादम सगळ्यांचा होता. म्हणजे बिस्किट घालताना सगळ्यांचा, आणि पायपुसणे फाडले की तळमजल्यावरच्या शिंपीकाकांचा. काकांची बायको गेल्यापासून तो त्यांच्याच दाराशी झोपे. काका शिवणयंत्रावर बसले की पायाशी हनुवटी टेकून पडे आणि काका त्याच्याशी बोलत. काय बोलत कुणास ठाऊक. पण काकू गेल्यावर त्या घरातून माणसाचा आवाज यायचा तो तेवढाच.

दरवर्षी प्राण्यांच्या दवाखान्यातून फोन येई, काका मुकादमला नेत, टोचून आणत, आणि विषय संपे. यंदा काकांचा फोन बिघडलेला होता म्हणून दवाखान्याने अध्यक्षांना फोन केला. अध्यक्षांना फोन केला की विषय संपत नाही, सुरू होतो. ते विमा कंपनीतून निवृत्त झालेले आहेत. ‘मुदत’ हा शब्द कानावर पडताच ते खुर्चीत सावरून बसतात. त्यांनी तातडीची सभा बोलावली आणि गंभीरपणे विचारले, “आपण हे दरवर्षी का करतो?”

आपण अमुक गोष्ट का करतो हे आमच्या समितीत याआधी कुणी कधी विचारले नव्हते.

“बरोबर आहे,” प्राध्यापक म्हणाले. ते भूगोल शिकवत असल्यामुळे परदेशांबद्दल अधिकाराने बोलतात. “कितीतरी देशांत तीन वर्षांनी टोचतात. आपण उगाच त्या मुक्या जनावराला दरवर्षी भोसकतोय.”

“मी तर म्हणते दरवर्षीसुद्धा कमीच आहे,” पार्लरवाल्या ताई म्हणाल्या. “माझ्याकडच्या क्रीमवरही मुदत असते, सर. ती संपली की मी ते कुणाच्या चेहऱ्याला लावत नाही.”

“मुदतीच्या आत लावता, तेव्हा तरी काय फरक पडतो?” प्राध्यापकांनी विचारले.

इथे सभा चहासाठी थांबवावी लागली.

चहानंतर मी असे सुचवले की डॉक्टरीणबाईंनाच विचारावे. अध्यक्षांनी फोन लावला. बाई घाईत होत्या. मागे कुठले तरी मांजर आकांत करत होते. त्या म्हणाल्या, “काही लशी वर्षाच्या असतात, काही तीन वर्षांच्या. बाटलीवर लिहिलेलं असतं आणि नियम काय म्हणतो तेही बघावं लागतं. तुमच्या मुकादमला मागच्या वेळी वर्षाची दिली होती. त्याची तारीख आलीय, घेऊन या. पुढचं पुढे बोलू.” आणि फोन ठेवला.

“म्हणजे त्यांनाही नक्की माहीत नाही,” अध्यक्ष म्हणाले.

आता साधा माणूस म्हणेल, आज टोचून घ्या आणि मग वर्षभर बसा भांडत. पण साधा माणूस समितीत नसतो. अध्यक्षांनी मुद्दा मांडला की, आज लस दिली तर ‘दरवर्षी’ हा पक्ष चर्चेआधीच जिंकला असे होईल. हा प्राध्यापकांवर अन्याय. प्राध्यापकांनी मान डोलावली. तेव्हा ताई उसळल्या, “आणि नाही दिली तर सरांचं ‘तीन वर्षं’ आपोआप खरं झालं की! मग माझ्यावर अन्याय नाही का?” हेही खरे होते. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी गत झाली.

यातून अध्यक्षांनी जो मार्ग काढला, त्यावरून त्यांना विमा कंपनीने एवढी वर्षे का सांभाळले ते कळते. त्यांनी ठराव मांडला की, निर्णय होईपर्यंत मुकादमला लस दिलेली आहे असेही समजू नये आणि दिलेली नाही असेही समजू नये. त्याला ‘विचाराधीन’ समजावे. ठराव एकमताने मंजूर झाला. मग ओघानेच असा प्रश्न आला की, विचाराधीन कुत्रा मोकळा फिरू शकतो का? लस दिलेला कुत्रा फिरू शकतो, न दिलेला फिरू शकत नाही. विचाराधीन कुत्र्याबद्दल नियमांत काहीच नव्हते, आणि ज्याबद्दल नियमांत काही नाही ते आम्ही बंद करून ठेवतो. मुकादमला पाण्याच्या पंपाच्या खोलीत ठेवण्याचे ठरले. किल्ली माझ्याकडे देण्यात आली. शिवाय कुणीही परस्पर लस टोचून आणून समितीच्या निर्णयावर दबाव आणू नये, असे एक पोटकलम ताईंच्या आग्रहावरून घातले गेले.

दुसऱ्या दिवशी शिंपीकाका वर आले. दारातच उभे राहिले.

“चिटणीससाहेब, तो काही कुणाला चावला का?”

“नाही हो, काका.”

“मग?”

“तो विचाराधीन आहे.”

“कधीपर्यंत?”

“विचार होईपर्यंत.”

“साहेब, माझा जन्म सुई टोचण्यात गेला. टोचायला एवढा वेळ लागत नाही. मी नेऊन आणतो ना. दहा पावलांवर दवाखाना.”

मी त्यांना पोटकलम समजावून सांगितले. काका सरळ माणूस. ठराव झालाय म्हणजे त्यामागे काहीतरी असणार, असे त्यांना वाटले. शिकल्यासवरल्या माणसांनी मिळून ठरवलेली गोष्ट मोडायची नसते, या समजुतीवर त्यांनी उभा जन्म काढला होता. ते खाली गेले आणि संध्याकाळी स्टूल घेऊन पंपाच्या खोलीबाहेर बसले. आत मुकादम, बाहेर काका, मध्ये जाळीचे दार. पंप सुरू झाला की काका बोलायचे थांबत आणि बंद झाला की अर्धे राहिलेले वाक्य पुरे करत.

माझी बायको रोज कठड्यावरून हे पाही. “अहो, किती दिवस चालणार हे तुमचं?”

“अभ्यास चाललाय.”

“कुत्र्याचा?”

“कालावधीचा.”

“हं,” ती म्हणाली. तिच्या या ‘हं’चा अर्थ लावण्यात माझा संसार झाला आहे, त्यामुळे मी वर्तमानपत्र उघडले.

अभ्यास खरोखरच चालू होता. प्राध्यापकांनी भिंतीवर जगाचा नकाशा लावून देशोदेशीच्या कुत्र्यांवर व्याख्यान दिले. त्यात आमच्या कुत्र्याचा उल्लेख राहून गेला. ताईंनी आपल्या नणंदेच्या शेजारणीच्या दिराला कुत्रा चावला होता ती हकिगत सांगितली, आणि ती इतकी रंगवून सांगितली की अध्यक्षांनी नकळत पाय खुर्चीवर घेतले. मग रहिवाशांचे मत घ्यावे असे ठरले. मी दारोदार फिरून विचारले. वरच्या मजल्यावरचे म्हणाले, लस त्याला तळमजल्यापुरती द्या, तो वर येत नाही. एका गृहस्थांनी, लग्नासारखे एकदाच काय ते टोचून टाका, असे सांगितले, आणि आतून त्यांच्या पत्नीने भांडे आपटले. एका घरात, लस द्यायचीच असेल तर आधी लिफ्ट दुरुस्त करा, असे उत्तर मिळाले. हे सर्व मी सभेपुढे ठेवले. अध्यक्षांनी लोकांच्या उदंड प्रतिसादाबद्दल समाधान व्यक्त केले.

आणि मग त्यांनी तोडगा मांडला. एक पक्ष म्हणतो एक वर्ष, दुसरा म्हणतो तीन. तर दोन वर्षे.

“पण दोन वर्षांची लसच नसते,” मी म्हणालो.

“सरासरी दोन,” अध्यक्ष म्हणाले. “एकदा एका वर्षाने द्यायची, पुढच्या खेपेला तीन वर्षांनी. सरासरी दोन आली की नाही?”

गणित बिनचूक होते. ताईंनी टाळ्या वाजवल्या आणि प्राध्यापकांनीही वाजवल्या. त्या टाळ्या थांबेपर्यंत दोघांच्याही लक्षात आले की, आधी एक आणि मग तीन, की आधी तीन आणि मग एक, हे ठरायचे आहे. आधी एक म्हणजे लस आजच, म्हणजे ताई जिंकल्या. आधी तीन म्हणजे प्राध्यापक जिंकले. घोंगडे पुन्हा भिजत पडले. मुकादम पंपाच्या खोलीतच राहिला.

याच सुमारास समितीच्या सदस्यांना मुकादमबद्दल अचानक जिव्हाळा वाटू लागला, ही गोष्ट मला नमूद केली पाहिजे. एका सकाळी अध्यक्ष किल्ली मागायला आले. प्रश्नावर अध्यक्षपद भूषवायचे तर प्रश्न प्रत्यक्ष पाहिला पाहिजे, म्हणून त्याला जरा चालवून आणतो म्हणाले. नंतर प्राध्यापकांनी नेले. बंदिवासाचा जनावराच्या स्वभावावर काय परिणाम होतो हे मोकळ्या हवेत पाहायचे होते. मग ताईंनी नेले, आंघोळ घालायला. मला भरून आले. विचारांचे मतभेद किती का असेनात, माणसे मनाने मोठी आहेत, असे मी बायकोला म्हणालोसुद्धा. ती म्हणाली, “हं.”

मुकादमला मात्र हा जिव्हाळा मानवत नसावा. प्रत्येक फेरीनंतर तो मागचा पाय आखडून चाले. दिवसभर मलूल पडून राही. प्राध्यापक जाळीपाशी आले की तो शेपूट पायांत घेऊन पंपाच्या मागे जाई, आणि ताई आल्या की प्राध्यापकांच्या वेळेपेक्षा लवकर जाई. शिंपीकाकांनी त्याच्यासाठी जुन्या कोटाचे अंथरूण शिवून आणले. तो त्यावर बसेना, कारण बसायलाच त्रास होत होता. काकांचे तोंड उतरले. पंपाच्या ओलीने त्याला काहीतरी मोठे दुखणे लागले, असे त्यांनी मनाशी धरले. ते बिस्किट जाळीतून आत धरून बसत, मुकादम नुसता त्यांच्याकडे बघे, आणि काका ते बिस्किट परत खिशात ठेवत. खरे सांगतो, ते पाहवत नव्हते. मी जिन्याने उतरताना तिकडे बघायचे सोडून दिले होते.

पुढच्या सभेला दार उघडे होते आणि शिंपीकाका सरळ आत आले. त्यांच्या मागे माझी बायको होती. त्या दिवशी सकाळी तिने किल्ली खुंटीवरून काढलेली मी पाहिली होती, पण मला वाटले पंपाचे काहीतरी असेल.

“बसा काका,” ती म्हणाली. “आणि मघाशी मला सांगितलंत ते यांना सांगा.”

काका बसले नाहीत. “मला तुमच्या एक-तीन वर्षांतलं कळत नाही,” ते म्हणाले. “तुम्ही सांगितलंत बंद ठेवा, मी ठेवला. टोचू नका, मी नाही टोचलं. पण तो आता उठत नाही, साहेब. खात नाही. घरी तो असला म्हणजे मला... कुणीतरी आहे असं वाटतं. तो गेला तर मग बघायला कुणी नाही घरात. एवढंच सांगायला आलो. काय ठरवायचंय ते आज ठरवा.”

अध्यक्षांनी चष्मा पुसला. ताईंनी नाक पुसले. प्राध्यापक म्हणाले, “माझा विरोध नोंदवून घेऊन, माणुसकीच्या दृष्टीने, आधी एक वर्ष धरायला माझी हरकत नाही.” ताई म्हणाल्या की, त्या जिंकल्या असे कुणी समजू नये. विचार संपला. मुकादमला लस द्यायची, ती आजच.

“सगळे मिळून जा,” माझी बायको म्हणाली. “एवढ्या विचारानं ठरवलंय, तर समिती जातीनं हजर नको?”

त्यावर तिन्ही सदस्यांना एकाएकी कामे आठवली. अध्यक्षांना गुडघा आठवला. पण काका आशेने प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होते आणि बायको दारात उभी होती, त्यामुळे आम्ही निघालो. पुढे काका आणि लंगडणारा मुकादम, मागे समिती.

दवाखान्यात आमच्या आधी फक्त एक पोपट होता. आमचा नंबर आला. डॉक्टरीणबाई हात धुवत होत्या. काका मुकादमला उचलायला वाकले, तोच तो आपणहून टेबलावर चढला, सगळ्यांकडे पाठ फिरवली, मागचा पाय पुढे केला आणि डोळे मिटून घेतले. असा सराईतपणा मी फक्त सरकारी कचेरीत शिक्का मारणाऱ्या बाबूच्या हातात पाहिला आहे.

“अरे, पुन्हा टायगर?” बाई म्हणाल्या.

“याचं नाव मुकादम,” काका म्हणाले.

“नाही हो, टायगर. या साहेबांनीच नाही का आणला होता?” त्यांनी अध्यक्षांकडे बोट केले. “मी स्वतः टोचलंय. तुमचा मुकादम आला नाही म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, हा वेगळा, भाचीचा कुत्रा आहे.”

अध्यक्ष भिंतीवरचा जंतांचा तक्ता वाचू लागले.

“टायगर कसला, हा तर त्याचा जुळा भाऊ!” कोपऱ्यातून कंपाउंडर म्हणाला. “बाई गावाला गेल्या होत्या ना, तेव्हा हे सर घेऊन आले होते. मी बदली डॉक्टरांना सांगितलं, हा झालाय. तर सर म्हणाले, तो नव्हे, हा जुळा. दोघांच्या कानावर डागसुद्धा एकाच जागी.”

“सर, तुम्ही?” ताई किंचाळल्या. “तीन वर्षं, तीन वर्षं करून आमचं डोकं खाल्लंत, आणि स्वतः जाऊन टोचून आलात?”

“तत्त्व वेगळं आणि जिना वेगळा,” प्राध्यापक म्हणाले. “मला रोज त्या खोलीवरून जावं लागतं. घरात लहान नातवंडं आहेत.”

“शोभतं का हे? ठरावात स्पष्ट लिहिलं होतं. म्हणून तर मी इथे न येता पलीकडच्या चौकातल्या दवाखान्यात...” ताई तिथेच थांबल्या. पण जे सांडायचे ते सांडले होते.

डॉक्टरीणबाईंनी आळीपाळीने तिघांकडे पाहिले. “आणि आज सकाळी याला घेऊन एक बाई आल्या. हिरवी पर्स होती. त्यांना मी परत पाठवलं. त्यांनी बरेच प्रश्न विचारले आणि ‘हं’ म्हणाल्या.”

पर्स मीच आणून दिलेली होती.

“म्हणजे,” शिंपीकाका हळूच म्हणाले, “तो आजारी नाही?”

“आजारी कशाला असेल? मांडी सुजलीय, आणि माणसांवरचा विश्वास उडालाय. दोन्ही होईल बरं. सुजेवर देते काहीतरी.”

काकांनी टेबलाचा काठ धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी मान वर केली, आणि त्यांना रागावलेले मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले. “मग तो बंद कशासाठी होता?”

तिघांनी माझ्याकडे पाहिले. मी चिटणीस असल्यामुळे उत्तर देणे माझ्याकडे आले. मला एवढेच सुचले की, समितीच्या दृष्टीने लस अजून दिलेलीच नाही. अध्यक्षांना याने धीर आला. ते पुढे होऊन म्हणाले, “अगदी बरोबर. झालं ते टायगरला, जुळ्याला आणि...”

“डॉलीला,” ताई पुटपुटल्या.

“...डॉलीला झालं. मुकादम अजून बाकी आहे. तर डॉक्टर, ठरावाप्रमाणे आपण हे एकदा रीतसर...”

“हात तर लावून बघा त्याला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काकांनी मुकादमला उचलून खाली ठेवले. एवढे मोठे कुत्रे, पण त्यांनी ते तान्हे मूल उचलावे तसे उचलले. साखळी काढून खिशात टाकली, कुणाकडे न बघता दार उघडले आणि दोघे निघून गेले. मुकादम लंगडत होता आणि काका त्याच्या चालीने चालत होते. त्या दिवसापासून पंपाच्या खोलीत पुन्हा फक्त पंप आहे. हा बदल कोणत्या ठरावाने झाला, हे कुणी विचारलेले नाही.

आम्हीही निघणार, तोच बाई म्हणाल्या, “थांबा जरा. तुमच्या इमारतीमागच्या गल्लीत एक पांढरी कुत्री आहे. पिल्लं झालीत तिला. येताजाता मला दिसते. तिला एकदाही लस झालेली नाही. तिला कोण आणतंय?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. याबाबतीत समितीत मुळीच मतभेद नव्हते. ती आमच्या भिंतीच्या बाहेर आहे, असे अध्यक्षांनी सांगितले. भिंत चार पावले अलीकडे आहे, असे प्राध्यापकांनी नकाशा डोळ्यांपुढे आणून सांगितले. ताई म्हणाल्या की, पिल्ले गोड आहेत, पण आमची नव्हेत.

“चावताना ती भिंत विचारणार आहे का?” बाईंनी विचारले.

प्रश्न योग्य होता, पण चुकीच्या लोकांना विचारला होता. शेजारच्या इमारतीतल्या मंडळींनो, ती गल्ली आमच्या आणि तुमच्या इमारतीच्या मधली. तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती कुत्री आमच्यापेक्षा जास्त नीट दिसते, पिल्लेही दिसतात. पोळीचे तुकडे तुमच्याच बाजूने पडतात. इतके दिवस आमची आपली समजूत अशी होती की, ती तुमची आहे.